सदरी नुस्खा आणि फुकटचं जर्नल

हकीमांच्या घराण्यांत एक शब्द असायचा: सदरी नुस्खा. सदर म्हणजे छाती. जो नुस्खा कागदावर उतरवायचा नाही, बापाने शेवटच्या आजारात मुलाच्या कानात सांगायचा, तो सदरी. मुलगा लायक निघाला नाही तर नुस्खा बापाबरोबर कब्रस्तानात. किती चांगली औषधं अशी मातीत गेली, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

हकीमांना हसणं सोपं आहे. पण आजच्या वैद्यकशास्त्राची अवस्था फार वेगळी आहे असं मला वाटत नाही. संशोधन होतं, छापलंही जातं, पण कुठे? ज्या जर्नलचा एक लेख वाचायला अडीच-तीन हजार रुपये मोजावे लागतात तिथे. आमच्या पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरपट्टीत गेलं की भिल्ल, कोकणी, मावची वस्त्या लागतात. सिकलसेल हा तिथल्या घराघरांतला विषय. धुळे-नंदुरबारच्या या वस्त्यांतून वर्षानुवर्षं रक्ताचे नमुने गेले, त्यावर प्रबंध झाले, लेख झाले. रक्त इथलं, पण लेख वाचण्याची सोय इथे नाही. गावात प्रॅक्टिस करणाऱ्या साध्या एमबीबीएस डॉक्टरलाही नाही.

यावर उपाय म्हणून ओपन ॲक्सेस ही कल्पना आली. जर्नल इंटरनेटवर ठेवायचं, कुलूप न लावता. ज्याला वाचायचं त्याने वाचावं, उतरवून घ्यावं, वाटावं. २००२ साली बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला आणि जगभर याची चर्चा झाली. पण हे काही फक्त गोऱ्यांचं काम नव्हे. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटलच्या स्टाफ सोसायटीचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघतं. त्यांनी बुडापेस्टच्या सुमारासच आपले अंक इंटरनेटवर सगळ्यांना खुले केले. लेखकाकडून पैसे घेतले नाहीत, वाचकाकडूनही नाही. छापील अंकाची वर्गणी होती, त्यात भागवलं. फुकट वाचायला मिळाल्यावर वर्गणी कोण भरणार, अशी भीती सगळेच घालतात. यांचा अनुभव उलटा आला: परदेशातून लेख यायला लागले, जुन्या लेखांचेही दाखले लोक देऊ लागले. मुंबईचंच ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ १९९३ पासून चालू आहे. मागे ना मोठी कंपनी, ना मोठं कॉलेज, तरी त्याचे अंक कुणालाही वाचता येतात. म्हणजे हे जमतं. आपल्याच राज्यात जमलेलं आहे.

हे सांगण्याचं कारण, सध्या एकेक मेडिकल कॉलेज आणि डॉक्टरांची संघटना ‘आमचंही ओपन ॲक्सेस जर्नल’ म्हणून जाहिरात करते. आनंद आहे. पण पहिल्या अंकाची फीत कापण्याआधी एक प्रश्न विचारावा: खर्च कोण करणार?

कारण दार वाचकाला उघडायचं आणि उंबरठ्यावर लेखकाला अडवून वसुली करायची, असाही एक ओपन ॲक्सेस आहे. अमेरिकेतल्या ‘प्लॉस’ने २००३ साली आपलं पहिलं जर्नल काढलं तेव्हा एका लेखाला १५०० डॉलर ठेवले होते. ‘नेचर’ने पुढे ९५०० युरो सांगितले, म्हणजे आठ लाखांच्या वर. धुळ्याच्या सरकारी कॉलेजातला निवासी डॉक्टर हे कुठून आणणार? आणि जिथे पैसे घेऊन छापायची वाट मोकळी झाली, तिथे ठगही आले. तपासणी नाही, परीक्षण नाही. पैसे भरा, आठ दिवसांत लेख घ्या. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ला २०१९ साली अमेरिकेच्या कोर्टाने याच फसवेगिरीबद्दल पाच कोटी डॉलरचा दंड ठोठावला. गिऱ्हाईक मात्र आपल्याकडेच भरपूर, कारण अध्यापक डॉक्टरांच्या बढतीला छापील लेख लागतात. त्यात मेडिकल कौन्सिलची गंमत बघा: २०१५ च्या परिपत्रकात त्यांनी ई-जर्नलमधले लेख बढतीसाठी धरायचेच नाहीत असं ठरवलं. जग कागदावरून पडद्यावर गेलं होतं आणि हे कागद मोजत बसले. २०२० मध्ये तो नियम बदलावा लागला.

सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणली आहे. तीन वर्षांसाठी ६००० कोटी, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं. सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांतल्या मुलांना याचा फायदा आहे, तो नाकारत नाही. पण हे पैसे कुलूप उघडायला गेलेले नाहीत, किल्ली भाड्याने घ्यायला गेले आहेत. पिंपळनेरचा खासगी डॉक्टर, आशाताई, रुग्णाचा शिकलेला भाऊ, यांच्या हातात ती किल्ली नाही.

आपल्या परंपरेत याला एक नीट व्यवस्था होती: वक्फ. हा शब्द हल्ली फक्त कोर्टात आणि टीव्हीच्या भांडणात ऐकू येतो. मूळ अर्थ एवढाच की वस्तू अल्लाहच्या नावाने सोडली की ती विकायची नाही, वारसांत वाटायची नाही, तिचा उपयोग लोकांनी घेत राहायचा. विहिरी अशा दिल्या गेल्या, इस्पितळं दिली गेली, ग्रंथही दिले गेले. माणूस मेल्यावरही ज्यांचं पुण्य चालू राहतं अशा तीन गोष्टी हदीसमध्ये सांगितल्या आहेत. त्यांतली एक, लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान. कैरोचे हकीम इब्न नफीस यांनी आपलं घर आणि ग्रंथ तिथल्या मन्सूरी इस्पितळाला देऊन टाकले. रक्त हृदयाच्या उजव्या भागातून फुफ्फुसात जाऊन डाव्या भागात येतं, हे त्यांनी तेराव्या शतकात लिहिलं होतं. पण त्या पोथीकडे आधुनिक जगाचं लक्ष गेलं १९२४ साली, बर्लिनच्या ग्रंथालयात, तेही एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाताने. देणाऱ्याने दिलं तरी वाट मोकळी नसेल तर ज्ञान सातशे वर्षं पडून राहतं.

आजच्या काळात वक्फनाम्याच्या जागी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे. नवं जर्नल काढणाऱ्यांनी तो बारकाईने निवडावा. त्यातल्या काही प्रकारांत भाषांतरालाही बंदी असते. आणि मालकी संस्थेकडेच ठेवावी. परळचं जर्नल इंटरनेटवर नेण्यात पुढे असलेले डॉ. डी. के. साहू यांनी ‘मेडनो’ ही प्रकाशन कंपनी उभी केली आणि देशातली कितीतरी जर्नलं खुली झाली. मोठं काम. २०११ मध्ये ती कंपनी वोल्टर्स क्लुवर या परदेशी प्रकाशकाने घेतली. व्यवहार कायदेशीरच होता. पण वक्फमध्ये असं होऊ शकत नाही, एवढंच माझं म्हणणं.

भाषांतराचं मी मुद्दाम बोललो. मी दोन भाषा शिकवतो. पालक कधी मुलांच्या मार्कांपेक्षा आजीचा रिपोर्ट वाचून घ्यायला येतात. त्यांच्यासाठी इंग्रजीतलं खुलं जर्नल हे उघड्या दाराआडचं बंद दार आहे. मराठीत संशोधन पोहोचलं की काय होतं हे आपण पाहिलं आहे. गडचिरोलीच्या बंग दांपत्याने खेड्यातल्या स्त्रियांच्या आजारांवरचा अभ्यास १९८९ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापला, जगाने दखल घेतली. पण बालमृत्यूंवरचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ मध्ये मराठीत आला तेव्हा मंत्रालय हललं, वर्तमानपत्रं हलली, कारण तो गावातला माणूसही वाचू शकत होता.

म्हणून नव्या जर्नलने एक नियम करावा: प्रत्येक लेखासोबत मराठीत एक पान. अभ्यास कुणावर झाला, काय सापडलं, आता रुग्णाने काय करायचं. नमुने देणाऱ्या गावाच्या आरोग्य केंद्रात तेच पान भिंतीवर लावावं. जिथे अभ्यास मालेगाव-धुळ्याच्या लूमवाल्यांच्या फुफ्फुसांवर झाला असेल तिथे उर्दूतही. सुताच्या धुळीने छाती भरते, त्याला बिसिनोसिस म्हणतात, हे त्या कारागिराला कुणी त्याच्या जबानीत सांगितलेलंच नसतं; तो दमा समजून गोळ्या खातो. हे पान लिहायला पैसे लागत नाहीत. मेडिकल कॉलेजांत मराठी घरांतली, उर्दू शाळांतून आलेली मुलं आता पुष्कळ आहेत. त्यांना विचारा. भाषेच्या चुका तपासायला आम्ही शिक्षक आहोतच, आणि त्याची फी घेणार नाही.