नजरेला प्रश्न द्या

आमच्या पिढीला पहिलीत ओळीखाली बोट ठेवून वाचायला शिकवले गेले. बोट सरके तशी नजर सरके. आज शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांवर मुलांच्या हाती मोबाईल आहे. बोट आहेच, परंतु ते आता ओळीखाली नसते, पान वर ढकलत असते.

२००६ साली जेकब नील्सन यांनी २३२ व्यक्तींची नजर संकेतस्थळांच्या पानांवर कशी फिरते, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरची ओळ बरीचशी वाचली जाते, खालची त्याहून कमी. मग नजर डाव्या कडेने सरळ खाली उतरते. तिचा माग रोमन लिपीतील ‘एफ’सारखा दिसतो. तळाचा, उजवीकडचा मजकूर बहुधा न वाचलेलाच राहतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीची सूचना मोबाईलवर पाहिली. रक्कम आणि शेवटची तारीख तिने वाचली. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचाच हवा, ही तळाची ओळ सुटली. अर्ज परत आला तेव्हा मुदत टळली होती. भातलावणीच्या मजुरीवर चालणाऱ्या त्या घराने एका ओळीची किंमत मोजली. महत्त्वाची अट तळाशी लिहिणाऱ्यांचा दोष आहेच. पण त्यांनी सुधारावे म्हणून आपल्या मुलांनी किती काळ थांबायचे?

सोव्हिएत संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी एकच चित्र दाखवून निरनिराळे प्रश्न विचारले, तेव्हा प्रश्नागणिक नजरेची वाट बदलली. म्हणजे नजर प्रश्नाच्या मागे जाते. मग पान उघडण्यापूर्वीच मुलांच्या मनात प्रश्न हवेत: पात्र कोण? कागदपत्रे कोणती? अपवाद कोणता?

बाबासाहेबांच्या वाचनाची खूण त्यांच्या ग्रंथांवर आजही आहे. जॉन ड्यूई यांच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’च्या त्यांच्या प्रतीत पेन्सिलीच्या रेघा आढळतात. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याने हाती आलेले पान वरवर चाळून सोडणे परवडणारे नाही.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, स्नेहसंमेलनाला याल तेव्हा एक तास वसतिगृहातील मुलांना द्या. एखादी खरी सूचना उघडा, आधी प्रश्न ठरवा आणि शेवटच्या ओळीपर्यंत त्यांच्यासोबत वाचा. या देणगीला पावती लागत नाही.