पंचनामा मेल्यावर, जिवंतपणी विचारपूस कोण करणार?

आपल्या वर्धा जिल्ह्यात शेतकऱ्यानं जीव दिला की यंत्रणा कशी हलते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पोलीस पाटील वर्दी देतो, तलाठी सातबारा काढतो, बँकेचं नाहीतर सोसायटीचं थकबाकीचं पत्र जोडलं जातं. तहसीलदाराचा अहवाल वर जातो अन् समिती ठरवते, प्रकरण पात्र की अपात्र. 2006 सालापासून पात्र प्रकरणाला एक लाख रुपये, त्यातले 30 हजार हातात अन् 70 हजार ठेवीत, असा हिशेब आहे. जमीन घरच्या कोणाच्या तरी नावावर हवी, कर्ज मान्य संस्थेचं हवं, वसुलीचा तगादा हवा. नातेवाइकाकडून घेतलेला हातउसना पैसा यात बसत नाही. बारावीत दोनदा नापास झालेल्या पोराच्या दुःखाला तर थकबाकीचं पत्रच नसतं.

या कागदांवर टीका करायची म्हणून हे लिहीत नाही. सरकारी पैसा द्यायचा तर कागद लागणारच. पण हा सगळा कागद माणूस गेल्यानंतरचा आहे. जाण्याआधीच्या महिना-दोन महिन्यांत त्याला झोप येत नव्हती, तो चारचौघांत बसत नव्हता, जेवण तुटलं होतं. याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते?

2006 च्या पावसाळ्यात पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. आपल्या वायफडलाही त्यांनी शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकली. त्यानंतर वर्ध्यासह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. व्याजमाफी, सिंचन, बियाणं, दुधाळ जनावरं असं बरंच त्यात होतं, अन् ते हवंच होतं. कापसाला भाव नाही, बोंडअळीनं बोंडं पोखरली, तर नुसत्या गोड बोलण्यानं पोट भरत नाही. समुपदेशनाचं नाव काढलं की गावातला शहाणा माणूस म्हणतो, 'भाव द्या, बाकी आमचं आम्ही पाहू.' त्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं असं, की त्याच गावात, तेवढंच कर्ज, तेवढीच नापिकी सोसून शंभर माणसं उभी राहतात अन् एक कोसळतो. त्या एकाकडे वेळेवर कोणी गेलं असतं तर?

यात तरुणांचा आकडा पाहा. 2012 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या आत्महत्यांचा अभ्यास छापून आला. पुरुषांच्या आत्महत्यांपैकी सुमारे 40 टक्के अन् बायकांच्या सुमारे 56 टक्के या 15 ते 29 या वयातल्या निघाल्या. म्हणजे आपण पागोटेवाल्या कर्त्या शेतकऱ्याचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून बसलो, अन् घरातली सून, पोलीस भरतीत तीन गुणांनी राहिलेला पोरगा, लग्न जुळत नाही म्हणून बाहेर निघणं सोडलेला तिशीच्या आतला गडी हे आपल्या हिशेबातून सुटले.

आता समुपदेशक म्हणजे नेमकं काय काम करतो? पुष्कळांना वाटतं, हा येणार अन् उपदेश करणार. नावातच 'उपदेश' बसला आहे, त्याला काय करावं! खरं काम ऐकण्याचं आहे. 'तुम्हाला नैराश्य आहे का' असं सरळ विचारलं तर आपला माणूस म्हणतो, 'मले का झालं? मी काय पागल हाओ का?' म्हणून हुशार समुपदेशक झोपेचं विचारतो, भुकेचं विचारतो, 'टेन्शन' किती दिवसांपासून आहे ते विचारतो. टेन्शन हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना चालतो. जीव नकोसा वाटतो का, हेही तो सरळ विचारतो. विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरवलं जातं ही भीती खोटी आहे. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. मग पुढच्या भेटीपर्यंतचं एखादं लहान काम ठरतं. सकाळी वावरात एक फेरी मारायची, सोडून दिलेल्या भजनी मंडळात एक दिवस बसायचं, भावाशी एकदा बोलायचं. मन बरं झालं की काम करीन, असं न म्हणता कामापासून सुरुवात करायची. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत या पद्धतीनं सहा ते आठ भेटी देण्याचा प्रयोग झाला. भेटी देणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे लोक होते. त्याचा निकाल 'लॅन्सेट'मध्येच आला, अन् नैराश्याच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारापेक्षा त्याचा गुण जास्त दिसला.

आपल्या शेजारचं उदाहरण त्याहून मोलाचं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 2011 पासून 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जायचं, शिकवलेल्या समुपदेशकानं भेटी द्यायच्या, जड प्रकरण ग्रामीण रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवायचं, अशी तीन पायऱ्यांची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचलेले आधी 4.3 टक्के होते, ते 27.2 टक्के झाले. वर्षभरात जीव नकोसा वाटल्याचं सांगणारे 5.2 टक्क्यांवरून 2.5 वर आले. हे आकडे आधी अन् नंतरच्या पाहणीचे आहेत, तुलनेला दुसरी गावं घेतलेली नव्हती. तेव्हा सगळंच श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. पण शंभरात चार अन् शंभरात सत्तावीस, हा फरक डोळ्याआड करण्यासारखा नाही.

पण प्रकल्प म्हटला की तो संपतोच. गावातल्या शिकलेल्या मुलीनं वर्ष-दोन वर्षं लोकांची दारं झिजवायची, लोकांनी तिच्यावर विश्वास टाकायला सुरुवात करायची अन् तेवढ्यात निधी संपायचा. सरकारी व्यवस्थेतही राष्ट्रीय आरोग्य अभियानातली समुपदेशकाची पदं कंत्राटीच आहेत. ज्यानं दुसऱ्याच्या पोराला 'पुढचं वर्ष उजाडेल' म्हणून धीर द्यायचा, त्यालाच पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही हे ठाऊक नसतं. एम.एस.डब्ल्यू. किंवा मानसशास्त्रात एम.ए. केलेली आपल्याच तालुक्यांतली पोरं मग नागपूर-पुण्याची वाट धरतात. त्यांना दोष कोणत्या तोंडानं द्यावा?

2015 साली राज्यानं विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांसाठी शेतकरी समुपदेशनाचा 'प्रेरणा' प्रकल्प काढला, त्यात वर्धाही होता. मुख्य भार आशाताईवर. लसीकरण तिचं, बाळंतपण तिचं, अन् आता मनाचंही तिचंच! तिला घर अन् घर ठाऊक असतं, ही जमेची बाजू. पण सरपंच साहेब, ग्रामसेवक साहेब, तिचा कागद भरून वर गेल्यावर त्या माणसाकडे पुन्हा कोणी गेलं का, हे तुम्ही कधी विचारलंत?

तरुणांसाठी 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी त्यातून 'मैत्री' क्लिनिकं निघाली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनं तर त्याच्याही आधी खेड्यांतून किशोरी पंचायती उभ्या केल्या होत्या. म्हणजे वाट पाडलेली आहे. पण गावातून तालुक्याला जायचं तर एक दिवस बुडतो, अन् मुलगी एकटी दवाखान्यात दिसली की गावात शंभर तोंडं. त्यापेक्षा समुपदेशक आठवड्यातून एक दिवस शाळेत किंवा उपकेंद्रात बसला तर त्याला उंबरठा ओलांडून कोणीतरी भेटेल.

मागे राहिलेल्यांचाही विचार हवा. डॉ. प्रकाश बेहेरे यांनी आधी सेवाग्राम अन् मग सावंगीला राहून या विषयावर पुष्कळ काम केलं. 2016 साली मानिक भिसे अन् त्यांचा वर्धा जिल्ह्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आत्महत्या झालेल्या शेतकरी कुटुंबातल्या माणसांत मानसिक त्रास इतर कुटुंबांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाला. लाखाचा धनादेश पोचला म्हणजे ते घर सावरलं असं समजू नका. तेराव्यानंतरच तिथं जायचं असतं.

एक गोष्ट मात्र आजच करता येते. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. ती झटक्याची घडी टळली की बहुतेक माणसं पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. श्रीलंकेनं 1995 नंतर अतिजहाल औषधांवर बंदी घातली, अन् 2005 पर्यंत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. घरोघर कुलपाच्या पेट्या वाटण्याचा प्रयोगही तिथं झाला, पण 2017 मध्ये त्याचा निकाल आला तेव्हा फरक दिसला नाही. तेव्हा किल्ली घरातच ठेवून भागत नाही. औषध लागेल तेवढंच आणावं, उरलेलं घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात असावं.

पोलीस पाटलांसाठी दोन शब्द. वाचलेल्या माणसाला 'केस होईल' म्हणून दवाखान्यात न्यायला लोक अजूनही भितात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरूनच चालायचं अन् त्याला उपचार देणं हे सरकारचं काम ठरवलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात जुनं 309 कलम राहिलेलं नाही. हे चावडीवर सांगा. ज्याला गावात बोलायची लाज वाटते त्यानं 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, अन् रात्रीही कोणीतरी उचलतं.

अन् येत्या ग्रामसभेत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा. समुपदेशक आपल्या उपकेंद्रात कोणत्या वारी, किती वाजता बसणार, हे त्यांच्याकडून इतिवृत्तात लिहून घ्या.