मिरजेत पाहुणे येतात, सांगणारे कुठे आहेत?

गेल्या हिवाळ्यात ऑफिसमधल्या चौघांना मी मिरज दाखवायला आणलं. सतारमेकर गल्लीत एक चाचा घोडीवर जवारी काढत बसले होते. चौघांनी न विचारता फोन पुढे केले, रील काढली आणि निघाले. चाचांचं नाव कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

मिरजेत वाद्यांचं संग्रहालय हवं, असं म्हटलं की सगळे माना डोलावतात. पण पुण्याच्या केळकर संग्रहालयात वाद्यं ठेवलेली आहेत. आपल्याकडे ती आजही घडतात. आपल्याला इमारतीआधी पाहुण्यांची नीट व्यवस्था हवी.

ती अवघड नाही. ठरलेल्या वेळी आठ-दहा जणांचा गट. फोटो विचारून. कारागिराचा तास मोडतो, म्हणून त्याला मानधन. ते पाहुण्याने तिकिटातून द्यायचं. मग मीरासाहेब दर्गा. 1937 मध्ये वारलेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ तिथे दफन आहेत. तिथे नमाजाची वेळ आणि जियारतीला आलेल्यांचा मान आधी, कॅमेरा नंतर.

बुकिंगचं ॲप मी दोन रात्रींत लिहीन. पण गोष्ट ॲप सांगणार नाही. फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी, हत्यारं घडवणाऱ्या हातांनी, एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं घडवायला घेतली, हे माणसानेच सांगायला हवं. मराठीत, आपल्या मिरजेच्या बोलीत.

"मुसलमानांनी इथे दिलं काय?" असं कुणी विचारलं की आपण व्हॉट्सॲपवर रात्रभर भांडतो. उत्तर गल्लीत बसलंय, तिथवर त्या माणसाला आपण नेत नाही. आपल्यातही काही जण संगीत हराम म्हणून नाक मुरडतात आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं की अभिमानाचे स्टेटस ठेवतात. हराम-हलालचा वाद खुशाल घाला. पण ज्यांच्या कामावर मिरवता, त्यांच्या दुकानाची पायरी एकदा तरी चढा.

सरकार बांधेल तेव्हा बांधेल. तोवर महिन्यातला एक रविवार आपला. पाच मुलं, पाच मुली पुरे. आधी कारागिरांना विचारू, त्यांच्याकडून काम समजून घेऊ, मग दुसऱ्यांना सांगू.

आपली गोष्ट आपण सांगितली नाही, तर दुसरा कुणी सांगेल, आणि त्यात चाचांचं नाव नसेल. मी परवा जाऊन ते विचारून आलो. तुम्ही कधी जाताय?