पाठभेद न सांगणारी आवृत्ती

प्रत हाती घेतली की ती कोणाच्या हातची आणि कोणत्या सालची हे आधी पाहावे, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. धुळ्याला तर हे शिकवण्याचा विशेष अधिकार आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या प्रतीवरून १९०५ साली दासबोध प्रसिद्ध केला, तो इथून. राजवाडे १९२६ साली गेले, आणि त्यांचा संग्रह सांभाळणारे संशोधन मंडळही इथेच उभे राहिले. आज याच खानदेशात, धुळ्याच्या महाविद्यालयात किंवा जळगावच्या विद्यापीठात, प्रबंध संगणकावर लिहिला जातो. त्या संगणकातली आवृत्ती मात्र रातोरात बदलते, आणि काय बदलले हे कोणी विचारत नाही.

माझा रोख कच्च्या आवृत्त्यांवर आहे. फायरफॉक्सची ‘नाइटली’ साधारणपणे दिवसातून दोनदा नव्याने बांधली जाते. लिब्रेऑफिसच्याही रोजच्या बांधण्या निघतात. असले कच्चे काम मराठीच्या माणसाने का वापरावे? कारण सरळ आहे. देवनागरीच्या जुळणीतला दोष दुरुस्त झाला, तर ती दुरुस्ती आधी इथे उतरते. पक्क्या आवृत्तीत यायला आठवडे, कधी महिने लागतात. शिवाय मराठीत काय बिघडले हे मराठी वाचणाऱ्यालाच दिसणार. हा माणूस बिनपगारी मुद्रितशोधक आहे. त्याला मिळते काय, तर एक चौकट: नवी आवृत्ती तयार आहे, प्रोग्राम पुन्हा सुरू करा.

‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांतला फरक आपण व्याकरणाच्या तासाला हसत हसत सांगतो. संगणकात तो अर्धा ‘र’ दोन रीतींनी साठवता येतो: साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, किंवा टिंबाचा ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन निराळे शब्द. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला, तर सापडेलच असे नाही. शब्दसूची करणाऱ्या संशोधकाच्या दृष्टीने हा पाठभेदच झाला. लिब्रेऑफिसने २०१७ साली, ५.३ या आवृत्तीत, सर्व प्रणालींवर अक्षरे मांडणारे यंत्र बदलून हार्फबझ आणले. जोडाक्षर कसे बसेल हे असल्या यंत्रावर ठरते. पण ‘नवी आवृत्ती आली’ एवढेच बोलणाऱ्या सूचनेला हा बदल आणि एखाद्या बटणाचा रंग, दोन्ही सारखेच.

यावर ठरलेले उत्तर येते: सुरक्षेसाठी अद्ययावत राहणे आवश्यक आहे. पक्क्या आवृत्तीपुरते ते मला मान्य आहे. बँकेचे व्यवहार ज्यावर होतात तो ब्राउझर जुना ठेवू नये. पण फायरफॉक्सने २०१८ साली ‘अपडेट कधीही तपासू नका’ हा पर्याय पसंतीच्या पानावरून काढून टाकला, तेव्हा हाच युक्तिवाद परीक्षकालाही लागू झाला. परीक्षकाचे काम नेमके उलटे असते. काल बरोबर दिसणारे अक्षर आज का मोडले हे सांगायला त्याला कालची प्रत हवी. दोष कोणत्या दिवसाच्या बांधणीत शिरला हे जुन्या बांधण्या चाळून शोधणारे ‘मोझरिग्रेशन’ नावाचे साधन मोझिलाजवळ आहेच. म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद आहे, तारीख आहे, करणाऱ्याचे नावही आहे. हस्तलिखितांच्या संपादकाला इतके सुख कधी लाभले नाही! आणि इतके सारे असून चौकटीत दोन ओळी लिहायला जागा सापडत नाही.

मागणी फार नाही. नव्या बांधणीने अक्षरजुळणी, कळफलक, शब्दकोश किंवा मराठी भाषांतर यांपैकी कशाला हात लावला, तेवढे सूचनेत मराठीत लिहा. आधीची बांधणी त्याच चौकटीतून परत घेण्याची सोय द्या. आणि माणूस लिहीत असेल तर थांबा. आपल्या विभागांकडूनही अपेक्षा आहे. प्रबंधाच्या संदर्भसूचीत ग्रंथाची आवृत्ती नोंदवली नाही म्हणून आपण विद्यार्थ्याला परत पाठवतो. ज्या प्रोग्रामवर ती सूची जुळवली त्याचा क्रमांक प्रबंधात कुठे लिहायचा, हे अजून एकाही मार्गदर्शकाने मला सांगितलेले नाही.