बिघडलेलं गोळ्यांचं मशीन फेकू नका, वर्गात आणा



नाणं टाकलं, मूठ फिरवली की रंगीत च्युइंगमची गोळी खाली पडते, ते मशीन मुलांच्या ओळखीचं असतं. त्याचं छोटं रूप वाढदिवसाला भेट म्हणून घरीही येतं. एक दिवस नाणं अडकतं आणि मशीन माळ्यावर नाहीतर कचऱ्यात जातं. माझ्या मते खरा पाठ तिथूनच सुरू होतो.

आतली रचना सोपी असते. मुठीमागच्या चकतीला नाण्याच्या मापाची खाच असते. योग्य नाणं खटका दाबून धरतं, म्हणून चकती फिरते. नाणं लहान असलं तर खटका खाचेत पडतो आणि मूठ अडते. मूठ पूर्ण फिरली तर दातेरी चक्र वरची भोकांची तबकडी फिरवतं आणि गोळी खाली येते.

आता आपली नाणी पाहा. १९९२ च्या मालिकेतला रुपया २५ मिमी व्यासाचा होता. २०११ मध्ये तो सुमारे २२ मिमीचा झाला आणि २५ मिमी हे माप दोन रुपयांकडे गेलं. २०१९ च्या मालिकेत रुपया २० मिमीवर आला आणि २५ मिमीचं नाणं झालं पाच रुपयांचं! जुन्या रुपयाच्या मापाची खाच नव्या रुपयाला दाद कशी देणार? चौथीच्या मुलांना पट्टी आणि नाणी द्या, व्यास मोजून तक्ता करू द्या. कारण ती स्वतःच शोधतील.

मग दुरुस्ती. आधी गोळ्या काढायच्या. स्क्रू आणि स्प्रिंग वाटीत क्रमाने ठेवायचे. अडकलेलं नाणं चिमट्याने काढायचं, चिकटलेली साखर कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायची, भाग वाळवून परत बसवायचे. गोळी जाते त्या वाटेत तेल घालायचं नाही. मोठं माणूस शेजारी हवंच.

"सर, नवीन घेऊन देऊ की!" असं पालक म्हणतात. "पोर्शन कधी संपवायचा?" असं शिक्षक विचारतात. पण मापन हा पोर्शनच आहे ना? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकण्याची सूचना आहे. त्यासाठी सहावीपर्यंत थांबायचं कशाला?

आपल्या भाईंदरमध्ये स्टीलच्या भांड्यांचे लहान कारखाने आहेत. उत्तनला कोळी बांधव फाटलेली जाळी हातानेच सांधतात. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील हाताने काम करणारे आहेत. शाळेत फक्त लिहिण्यालाच मान मिळाला, तर ती मुलं आपल्याच घरचं काम कमी लेखायला शिकतात. याची मला जास्त काळजी वाटते. अशा एखाद्या पालकांना त्या दिवशी वर्गात बोलवा. मुलांसमोर पाना त्यांच्या हातात द्या आणि आपण बाजूला उभे राहा.

मशीन चालू झालं तर उत्तमच. नाही झालं, तरी ते का चालत नाही हे मुलं सांगू शकली, तर तास सार्थकी लागला.