महाबळेश्वर : पॉइंट थोडे, पाणी फार

मैत्रिणींनो, महाबळेश्वरला जाताना पॉइंटांची लांबलचक यादी करू नका. आमच्या ह्यांनी एका दिवसात नऊ ठरवले, अन् तिसऱ्यालाच सासूबाईंचे गुडघे बोलू लागले. मग आम्ही दोघी सरळ वेण्णा तलावाकाठी बसलो. साताऱ्याच्या महाराजांनी १८४२ साली तो बांधवला. धाराशिवला नळाची वाट पाहण्यात जन्म गेलेल्या सासूबाई एकटक बघत म्हणाल्या, "एवढं पाणी नुसतं होड्या फिरवायला?" होडीवाला हसला, "नाही आजी, गाव हेच पितं." तेव्हा कुठं त्यांनी चहा घेतला!

दुसऱ्या दिवशी जुन्या महाबळेश्वरी पंचगंगा मंदिरातल्या गोमुखाचं पाणी त्यांनी भरून घेतलं. बाटली घट्ट झाकणाची न्या बरं. आमची एसटीत अर्धी सांडली.