वुकानच्या रयतेवरील जुलूम

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील समुद्रकाठच्या वुकान गावाने २०११ साली जेव्हा सामाईक जमिनी परस्पर विकणाऱ्या कारभाऱ्यांना हाकलून लावले, आणि गावाचे प्रतिनिधी शुए जिनबो यांचा पोलीस कोठडीत मृत्यू झाल्यावरही, सरकारी नाकेबंदीत अन्नपाण्याच्या वाटा अडल्या असताना धीर सोडला नाही, तेव्हा त्याला राज्यक्रांती नको होती. राजसत्तेनेच १९९८ च्या ग्रामसमिती कायद्याने कागदावर बहाल केलेला गुप्त मतदानाचा हक्क तेवढा प्रत्यक्षात हवा होता. मार्च २०१२ मध्ये तो मिळाला. शाळेच्या आवारात मतदान झाले आणि उठावाचे अग्रणी, वयोवृद्ध लिन झुलुआन गावप्रमुख झाले. परंतु जमिनीचे दप्तर वरिष्ठांच्याच हाती राहिले, आणि माझ्या मते पुढील अनर्थाचे मूळ तेथेच आहे, कारण ज्या प्रमुखाला निवडता येते पण ज्याच्या हुकुमाने गावची एक फूटही जमीन सुटत नाही, त्याची निवड सत्ताधीश केव्हाही रद्दबातल करू शकतात.

जून २०१६ मध्ये, जमिनींसाठी पुन्हा मोर्च्याची तयारी चाललेली असताना, लिन यांना रात्री घरातून उचलून नेले, लाचखोरीची त्यांची कबुली दूरचित्रवाणीवर दाखविली आणि सप्टेंबरात ३७ महिन्यांची शिक्षा ठोठावली. ग्रामस्थ तरीही रोज मोर्चे काढीत राहिले, तेव्हा १३ सप्टेंबरच्या पहाटे पोलीस गल्लीबोळांत शिरले. अश्रुधूर सुटला, रबरी गोळ्या झाडल्या गेल्या. डिसेंबरात नऊ ग्रामस्थांना दोन ते दहा वर्षांचा तुरुंगवास झाला. त्यांच्यावरील आरोप होते बेकायदा जमाव, वाहतुकीस अडथळा आणि खोटी माहिती पसरविणे.